डेझला विकलं तर बस कोण चालवणार

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑरिनने चर्चच्या बसच्या किल्ल्या टाकल्या! टाकल्या त्या नेमक्या माझ्या ॲपल पायच्या बशीत. किल्लीला सगळा पाक.

"डेझमंड प्रुइटला विकणार असतील तर मी बस चालवणार नाही," म्हणाला. कॅफेतल्या सगळ्या टेबलासमोर.

मी म्हटलं, अजून विकलं कुठंय? म्हणे, विकणारच. सकाळी रेडिओवर संघाचा मालक बोलला — 'कोणी मागणी घातली तर ऐकून घेऊ.' मी म्हटलं, मागणी घातली की लग्नच ठरतं का रे? तुला कसं माहीत, एकाहत्तरचा झालास, तुला कोणी घातली नाही अजून!

सगळे हसले. तो नाही हसला. टोपी घातली आणि गेला. माझा हा दीर एरवी चिडवलं की दुप्पट चिडवतो. वाटलं, उद्या येईल किल्ल्या मागायला.

किल्ल्या गरम पाण्यात धुतल्या. ॲपल पाय मात्र पुरा खाल्ला.

४ फेब्रुवारी, बुधवार

नाही आला मागायला.

आज कॅफेत रणधुमाळी. डेल्बर्ट गेल्यापासून, चार वर्षं झाली, मी त्याच्या खुर्चीवर बसते. पुरुषांचं टेबल ते. पहिल्या दिवशी सगळे खाकरले. मी म्हटलं, खुर्ची नवऱ्याची, म्हणजे माझी, वारसाहक्क! तेव्हापासून कोणी काही म्हणत नाही. कॉफी कोणाकडून ते फासे टाकून ठरतं, आणि माझे फासे चांगले पडतात म्हणून थोडा राग आहे, तेवढाच.

तर भांडण असं. आमचा बास्केटबॉलचा संघ, स्टीमर्स. यंदा अकरा जिंकले, अडतीस हरले. म्हणून मालक म्हणतो सगळं नव्याने बांधू. जुनी माणसं द्यायची, त्याच्या बदल्यात तरणी पोरं आणि पुढल्या सालांत नवी पोरं निवडायचा पहिला हक्क घ्यायचा. आणि जुनं माणूस म्हणजे कोण, तर आमचा डेझ. पस्तीस वर्षांचा. बारा वर्षं एकाच संघात. पॉइंट फार नाही करत, पण समोरच्याला करूही देत नाही. पडलेला चेंडू अंग टाकून घेतो.

ड्वेन, आमचा जुना पोस्टमन, त्याला सगळे आकडे पाठ. तो म्हणाला, "हिशेबाने विकायलाच हवा. पुढल्या वर्षी कोणी घेणार नाही."

बर्नडीन म्हणाली, "त्याचे ते खांदे परत मिळतील का कुठे?" बर्नडीन माझी मैत्रीण. तिला खेळातलं फक्त खांदे कळतात.

ऑरिन म्हणाला, "पुढल्या सालची पोरं! अजून न जन्मलेलं वासरू दाखवून कामाचा बैल घेऊन जातायत. बाजारात तुरी!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, विका.

बापरे! जसं काही मी चर्चमध्ये शिवी दिली.

मी तसं उगाच नाही म्हटलं. थोडं उगाच म्हटलं. पण थोडं खरंही — डेझने अकरा-अडतीसच्या चिखलात शेवटची वर्षं का घालवावीत? जाऊ दे की जिंकणाऱ्यांकडे. ऑरिन म्हणाला, "वहिनी, तुला काळीज नाही." मी म्हटलं, आहे, पण मी ते बशीत टाकत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कडाक्याची थंडी. शनिवारी सामना, बस नाही. किल्ल्या फ्रिजवर. येता-जाता त्यांच्याकडे बघते.

७ फेब्रुवारी, शनिवार

बारा वर्षांत पहिल्यांदा बस चर्चच्या मागे उभी राहिली. टपावर बर्फ.

सामना रेडिओवर ऐकला. एकटीने. हरले. पण हरण्याचं काही नाही. बसमध्ये हरून येण्यात पण मजा असते! जाताना नव्वद मैल, येताना नव्वद मैल, बर्नडीनचे अंड्याचे सँडविच, ड्वेनचे आकडे, मागच्या सीटवरचं बेसूर भजन, आणि पुढे ऑरिन आरशातून बघत — "कोण ओरडतंय? वहिनीच असणार." डेल्बर्ट गेला त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा हसले ती त्याच बसमध्ये. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

घरात एवढी शांतता होती की फ्रिजची घरघर ऐकून मी त्याला गप्प बस म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

पास्टरबाईंनी प्रार्थनेनंतर बाजूला घेतलं. "लव्हॉन, झायनवाले बस मागतायत." झायन म्हणजे पलीकडच्या हार्पर गावची मंडळी. त्यांच्याकडे ड्रायव्हर आहे, बस नाही. आमच्याकडे बस आहे, ड्रायव्हर रुसलेला. पंचांनी ठरवलंय — महिनाअखेरपर्यंत आमचा ड्रायव्हर मिळाला नाही तर बस झायनला. कायमची!

झायनवाले ती कुठे नेणार, तर कॅसिनोला! जाताना पत्ते, येताना भजनं.

अठ्ठावीस तारखेला शनिवारी दुपारचा सामना आहे. तोवर माणूस पाहिजे.

मी म्हटलं, मिळेल. "कोण?" मी म्हटलं, मी.

पास्टरबाई चांगल्या आहेत. हसू आलं ते खोकल्यात घातलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल सकाळी परवान्याच्या कचेरीत गेले. पहिली, लेखी परीक्षा. माझी लहानपणची शाळा म्हणजे एक खोली, एक चूल आणि मिस हागेन. पण मिस हागेनने पाठांतर असं करून घेतलं की अजून झोपेत म्हणीन. रविवारची अख्खी रात्र पुस्तिका घोकली. पन्नास प्रश्न. तीन चुकले. शेजारी ट्रकवाला पोरगा बसला होता, दाढीवाला, तो नापास! मी त्याला म्हटलं, बाळा, घोक.

आता शिकाऊ परवाना आहे. चौदा दिवसांनी खरी परीक्षा. तोवर चालवायचं तर शेजारी पक्का परवानावाला बसायला लागतो.

आमच्या चर्चमध्ये पक्का परवानावाला एकच. गेले त्याच्याकडे. दार उघडलं, आत घेतलं, कॉफी ओतली. मी म्हटलं, ऑरिन, बस शेजारी.

"नाही."

"का?"

"मन नाही."

"मन घरी ठेव रे, नुसतं बूड टेकव!"

एवढं बोलून मीच हसले. तो खिडकीकडे बघत राहिला. "वहिनी, हे सोड. बस जाऊ दे त्यांच्याकडे." माझी कॉफी अर्धी राहिली. एवढा हट्ट एका उंच माणसासाठी! हट्टाला मी पण कमी नाही. त्याच्या भावाशी त्रेचाळीस वर्षं संसार केलाय.

११ फेब्रुवारी, बुधवार

रोंडा शेजारी बसायला तयार झाली! शाळेची बस बावीस वर्षं हाकते. सदानकदा च्युइंगम. म्हणाली, "आजी, कधी मोठी गाडी चालवली का?"

म्हटलं, चाळीस सुग्या मक्याचा ट्रक हाकलाय.

"मका तक्रार करत नाही," म्हणाली. "माणसं करतात."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज धडा. आरसे सात आहेत! सातही आरशांत माझाच चेहरा घाबरलेला. मागे घेताना कचऱ्याचा डबा आडवा केला. रोंडा म्हणाली, "तो लहान पोर असता तर?" मग एक तास गप्प चालवली.

परीक्षेत म्हणे गाडीभोवती फिरून एकेक भाग बोट लावून सांगायचा, नाव घ्यायचं, कशासाठी ते सांगायचं. लक्षात राहायला मी नावं दिलीत. फॅनचा पट्टा — ड्वेन, सारखा फिरतो, जागचा हलत नाही. संकटकाळचं दार — बर्नडीन, सगळ्यात आधी तीच पळेल. भोंगा — मी. ब्रेक — ऑरिन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक आगाऊपणा केला. ऑरिनच्या पिकअपच्या मागच्या काचेवर पुठ्ठा चिकटवला — "विकणे आहे. जुनं मॉडेल. एक गुडघा चांगला. बदल्यात तरणं पोर चालेल." अर्ध्या गावाने वाचलं. तो दिवसभर तसाच फिरला, त्याला पत्ताच नाही!

संध्याकाळी पुठ्ठा माझ्या पायरीवर. नीट, चौकोनी घडी घालून. खाली काही लिहिलं नव्हतं. एरवी काहीतरी लिहिलं असतं त्याने.

१४ फेब्रुवारी

आज प्रेमाचा दिवस. डेल्बर्टने आयुष्यात एकदाच फुलं आणली होती, ती पण कोणाच्या तरी मयताची उरलेली. मी त्याला आयुष्यभर बोलले. आज फुलदाणी पुसून ठेवली. रिकामीच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस राहिले. गुरुवारी दुपारी दोनपर्यंतच माणसं देता-घेता येतात, मग बाजार बंद. टेबल दोन तुकड्यांत फाटलं. ज्यांना विकायचंय ते खिडकीकडे, ज्यांना नको ते चुलीकडे. मी मधे, कारण माझी खुर्ची मधे.

ड्वेनने बातमी आणली — पश्चिमेकडचा एक संघ, यंदा शेवटपर्यंत जाणार असा, डेझला मागतोय. बदल्यात लाटवियाचा एकोणीस वर्षांचा सात फुटी पोरगा, आणि दोन सालांतला निवडीचा पहिला हक्क.

"लाटविया कुठे आलं?" बर्नडीन.

"त्याला पण माहीत नसेल आपण कुठे ते," ड्वेन.

ऑरिन आला. उभाच राहिला. "बारा वर्षं," म्हणाला. "बोटं मोडली, नाक मोडलं, बर्फातून आपल्या शाळेत येऊन पोरांना शिकवून गेला. एका दुपारी फोन करून सांगणार, सामान बांध. माणूस आहे का ट्रॅक्टर?"

मी म्हटलं, ट्रॅक्टरला कोणी अंतिम सामना खेळवत नाही. त्याला तिकडे मिळेल. तू त्याला इथे ठेवून काय करणार? आपल्यासाठी हरत ठेवणार?

"त्याला विचारलं का कोणी?"

"विचारलं तर राहतो म्हणेल! तसलाच आहे तो. म्हणून विचारायचं नाही."

मग मी ती गोष्ट सांगितली जी कधी सांगत नाही. आमच्या वेळी पोरींचा बास्केटबॉल वेगळा होता. सहा-सहा जणी. तिघींनी नुसता बचाव करायचा आणि मधली रेघ ओलांडायची नाही. मी बचाववाली. चार वर्षं रेघेच्या अलीकडे. आयुष्यात एक पॉइंट केला नाही! आणि शेवटच्या वर्षी, जिल्ह्याच्या सामन्यात, सरांनी मला बसवलं आणि एका नवव्या इयत्तेतल्या काटकुळ्या पोरीला उतरवलं. आम्ही जिंकलो. मी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

ऑरिन माझ्याकडे बघत होता. "खरं सांग वहिनी. वाटलं काय तुला?"

"वाटायचं काय! घरी गेले आणि कोंबड्यांवर ओरडले."

सगळे हसले. तो म्हणाला, "तुझ्याकडे कोंबड्या तरी होत्या."

आणि गेला. आता हे काय बोलणं झालं? लिहून ठेवते, कारण कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून उपासाचे चाळीस दिवस. पास्टरबाईंनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावली — "माती आहेस, मातीला मिळशील." माझ्या मागे ऑरिन होता. मी वळून म्हटलं, दोन्ही गुडघे मिळतील का रे, का एकच? तो म्हणाला, "वहिनी, आज नको."

मी काय सोडलं या उपासात? थट्टा सोडीन म्हटलं होतं. दारापर्यंतही जमलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

विकला.

दोनला सात मिनिटं कमी असताना. कॅफेतला रेडिओ, सगळे उभे. बर्नडीनने एप्रनमध्ये तोंड घातलं. ड्वेन म्हणाला, "सौदा चांगला आहे," पण हळू. विजयी पक्षाचा होता, तरी आवाज निघेना.

मी ऑरिनकडे बघितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. त्याने टोपी काढली. कागदी रुमालाची घडी घातली, परत घातली, टपालाच्या तिकिटाएवढी केली. म्हणाला, "बरं. आता त्याला तरी कळलं."

मी म्हटलं, पश्चिमेला ऊन असतं, गुडघ्यांना चांगलं. कोणी हसलं नाही. मी पण नाही.

तिन्हीसांजेला रोंडाबरोबर गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव. आज मागे घेताना एकही डबा पडला नाही. कोणाला सांगावं, समजेना. ज्याला सांगितलं असतं तोच तोंड फिरवून बसलाय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भांडण संपलं नाही! विकून झालं तरी भांडतायत. खिडकीवाले म्हणतात लाटवियाचा पोरगा पाच वर्षांत सोनं होईल. चुलीवाले म्हणतात पाच वर्षांत आपण कुठे? माझ्या वयाच्या बाईला पाच वर्षांचा वायदा! हिरवी केळीसुद्धा मी दोनच घेते.

पण खरं लिहायचं तर — त्या पोराला बघायचंय मला. लांब पायांचा, बावरलेला, भाषा येत नसलेला. कोणीतरी त्याला ओरडून सांगायला हवं, "हात वर!" त्यासाठी तिथे जायला हवं. त्यासाठी बस हवी.

ड्वेन म्हणाला, "सौदा अजून पक्का नाही. तिकडचे डॉक्टर तपासतात, मग पक्का." कोणी लक्ष दिलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

बर्नडीनने निरोपाचा केक केला. वर त्याचा आकडा, चव्वेचाळीस, निळ्या साखरेत. प्रार्थनेनंतर कापला. कॅफेतला त्याचा फोटो काढून आणला होता, तो केकच्या मागे उभा. अगदी तेराव्याचं जेवण! एकेकाने उठून आठवण सांगितली. ड्वेनने आकडे सांगितले आणि रडला. आकड्यांना रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

ऑरिनला म्हटलं, तू पण बोल. म्हणाला, "काय बोलू. कामाला आला तोवर आला."

त्याने केक घेतला नाही. मी त्याचा पण खाल्ला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

परवान्याला डॉक्टरचा कागद लागतो. गेले दवाखान्यात. कान, डोळे, साखर, रक्तदाब, सगळं. डॉक्टर तरणा, गोरागोमटा. म्हणाला, "मिसेस ट्याडन, हृदय घोड्यासारखं आहे." मी म्हटलं, बाकीचं पण, पण ते तुला नाही दाखवणार. तो कानापर्यंत लाल झाला. सही केली.

उद्या परीक्षा. ड्वेन-बर्नडीन-भोंगा-ऑरिन. ड्वेन-बर्नडीन-भोंगा-ऑरिन.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पास!!

परीक्षक म्हणजे खांबासारखा माणूस, हातात पाटी. गाडीभोवती फिरवलं. "हे काय?" "फॅनचा पट्टा." "हे?" "संकटकाळचं दार." मग वाकून चाकाच्या मागे बोट दाखवलं — "आणि हे?" आणि मी म्हटलं, "ऑरिन."

"काय?"

"ब्रेक! ब्रेक, साहेब."

त्याने काहीतरी लिहिलं. मला वाटलं गेलं. मग रस्त्यावर काढली. रेल्वेचं फाटक आलं, थांबवली, दार उघडून दोन्हीकडे ऐकलं, आगगाडीचा मागमूस नाही, तरी ऐकलं. रोंडाने बजावलं होतं. डावं वळण, उजवं वळण, मागे घेणं. शेवटी पाटी खाली ठेवून म्हणाला, "बाई, वय किती?" मी म्हटलं, कागदावर आहे. म्हणाला, "वाचलं. विश्वास बसला नाही."

थेट चर्चमध्ये जाऊन पास्टरबाईंच्या हातात परवाना दिला. म्हटलं, झायनला कळवा, तुमच्या कॅसिनोला पायी जा!

यादी कॅफेत लावली. शनिवार, अठ्ठावीस, सकाळी दहा. चालक — लव्हॉन ट्याडन. संध्याकाळपर्यंत चार नावं. चारच. बाकीचे म्हणे "बघू." भितात मेले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते कोणाला खोटं वाटेल.

बुधवारचं चर्चमधलं सूप. वाटाण्याचं. ड्वेन धावत आला, अंगावर कोट नाही. "रद्द झालं! सगळं रद्द!"

तिकडच्या डॉक्टरांनी डेझला तपासलं. गुडघा गेला. नुसता दुखत नाही, गेलाच. म्हणाले, हा माल आम्हाला नको. सौदा मोडला. लाटवियाचा पोरगा तिकडे, डेझ परत इकडे!

आधी सगळे ओरडले. चुलीवाले नाचलेच. मग हळूहळू खाली बसले. कारण आला तो परत, पण कसा? परत पाठवलेला. साऱ्या देशासमोर नापास. केक आपण खाऊन बसलेलो!

ड्वेन म्हणाला, "आता त्याला कोणीच घेणार नाही. खेळणार पण नाही. सूट घालून बाकावर बसेल."

एकजण म्हणाला, "तोंड कसं दाखवेल?"

बर्नडीनने पळी खाली ठेवली. "तोंड त्याने का लपवायचं? आपण जाऊन बसू ना समोर! तो बाकावर, आपण बाकावर." बर्नडीन! जिला खांद्यांपलीकडे काही कळत नाही म्हणून मी वीस वर्षं हिणवलं!

मग सगळे ऑरिनच्या पाठीवर थापा मारायला लागले. "तुझा डेझ आला रे! आता रुसवा सोड, किल्ल्या घे!" पास्टरबाईसुद्धा हसून माझ्याकडे बघायला लागल्या, जसं काही ठरलंच.

ऑरिन सूप ढवळत म्हणाला, "बघू."

बघू? बघू काय! मी सात आरशांत बघून बघून मान आखडवली, पन्नास प्रश्न घोकले, त्या खांबाला तोंड दिलं — आणि आता याचा राग उतरला म्हणून मी परत मागच्या सीटवर जाऊन सँडविच वाटायचे? नाही! किल्ल्या माझ्या पर्समध्ये आहेत आणि पर्स माझ्या उशाशी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

यादीवर एका दिवसात एकोणीस नावं. मला ठाऊक आहे का ते. त्यांना वाटतंय ऑरिन चालवणार.

ड्वेन म्हणाला, "लव्हॉन, वाईट वाटून घेऊ नको. परतीला तू चालव, थोडी."

थोडी!

फोटो परत भिंतीवर लागला. जरा वाकडा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवलं. उद्या सगळे बसमध्ये बसले की मी पायरीवर उभी राहणार, किल्ल्या उंच धरणार. ऑरिनला सगळ्यांसमोर मागायला लावणार. एकदा नाही, तीनदा. "वहिनी, चुकलो" म्हणायला लावणार. महिनाभर मला बर्फात एकटं सोडलं त्याचं उट्टं. आणि एवढं करून किल्ल्या देणार नाहीच!

बस आतून पुसली. सीटखाली बर्नडीनचा एक हातमोजा सापडला, दोन हिवाळे हरवलेला.

सकाळी नऊलाच जाऊन इंजिन तापवते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नऊलाच गेले, तर तो आधीच तिथे. बर्फ झाडत होता काचेवरचं. मी किल्ल्या वर धरल्या. म्हटलं, माग!

"मला देऊन उपयोग नाही, वहिनी," म्हणाला. "जानेवारीत डॉक्टरांनी कागदावर सही केली नाही. डोळे. बाजूचं दिसत नाही आता. डेझचं निमित्त झालं बघ. रागावून सोडली म्हटलेलं बरं दिसतं."

मी किल्ल्या खाली घेतल्या. मी!

मग मंडळी आली. बस भरली. मी त्याला धरून माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या सीटवर बसवलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "किल्ल्या मी याला देणार नाही! पण मला म्हातारीला रस्ता कुठला कळतोय, तो हा सांगेल!"

नव्वद मैल सरळ रस्ता आहे. वळण एकच. बारा वर्षं मी ते झोपेतसुद्धा ओळखते. धान्याचं उंच कोठार दिसलं तशी मी वेग कमी केला आणि थांबले. तो पुढे वाकला, काचेकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"आता डावीकडे, वहिनी."

मी वळले.